दोन बरके फणस

“हलू नकात बाई,” शेवंती माझ्या कानाशी म्हणाली. “तो हयसरच बघता.”

मागच्या दाराची खालची फळी लावलेली होती, वरची उघडी. त्या अर्ध्या दारातून आम्ही दोघी परसात बघत होतो. ऊन कलतीला लागलं होतं, पण उजेड चांगला होता. विहिरीच्या पलीकडे, जिथे मी केळीच्या साली आणि फणसाचा चोथा टाकायचे, तिथे हत्ती उभा होता. आमच्यापासून फार तर वीस पावलांवर.

सकाळी शेवंतीने एक फणस आणून दिला होता. तो जास्त पिकून फुटल्यामुळे मी तसाच बाहेर टाकला होता. हत्तीने त्यावर पुढचा पाय ठेवला आणि अगदी जपून, जेवढा पाहिजे तेवढाच दाब दिला. फणस उकलला. मग सोंडेच्या टोकाने एकेक गरा उचलून तो तोंडात टाकू लागला. खाताना त्याच्या पोटातून घरघर ऐकू येत होती. कान सावकाश हलत होते. डाव्या कानाची कड फाटलेली होती.

शेवंतीने हात जोडले. मी जोडले नाहीत, पण माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने बघितलं.

“तुमी रडतास कित्याक?”

“काही नाही गं. लहानपणी आमच्या गावच्या देवळाला हत्ती होता. वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे आणि मी त्याच्या सोंडेत केळं द्यायचे. तो गेल्यावर दुसरा आलाच नाही.”

“मगे ह्यो तुमकां गावलो,” ती म्हणाली.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. सांगलीकडची. लग्न केलं नव्हतं. त्याच्या दहा वर्षं आधी दोडामार्ग तालुक्यातल्या वाघखोलच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा गावाच्या अगदी टोकाला दोन खोल्यांचं घर भाड्याने मिळालं. घरामागे परस, परसामागे ओढा आणि ओढ्यापलीकडे जंगल. घाट उतरून हत्ती या भागात येऊ लागल्याला चार-पाच वर्षं झाली होती. कळप यायचा आणि जायचा, पण एक तरणा सुळेवाला मागेच राहिला. गावातल्या वडीलधाऱ्यासारखा तो रस्त्याच्या मधून चालायचा आणि लोक बाजूला व्हायचे, म्हणून त्याला सगळे आप्पा म्हणत. केळी मोडल्या, माड पाडले, तरी बायका त्याच्या पावलांच्या ठशात जास्वंद ठेवत. “आप्पा इलेले,” असं एकमेकींना सांगत.

शेवंती माझी शेजारीण. वाघखोलात मला माणसात आणलं ते तिने. भाकरी कशी थापतात इथपासून पावसाआधी काय काय भरून ठेवायचं इथपर्यंत सगळं शिकवलं. तिची एकुलती मुलगी सुचिता चौथीपर्यंत माझ्याकडे शिकली होती. आता बारावीची परीक्षा देऊन घरी होती. शेवंतीचा नवरा बाबल गवस अबोल माणूस होता. त्याची थोडी सुपारी, थोडे काजू. काजूच्या दिवसांत ओढ्याकाठी झाडीत तो बोंडांच्या दारूची भट्टी लावायचा. परवाना नव्हता. सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

त्या दिवसानंतर फणस मी मुद्दाम ठेवू लागले. शेवंती आणून द्यायची. तिच्या दारात बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाची दोन झाडं होती आणि बरके गरे घरात फारसे कुणी खात नसत. दोन-तीन दिवसांनी आप्पा यायचा. आधी उन्हं उतरताना यायचा, मग चारला चहाच्या वेळी. मी केळी ठेवली, गूळ ठेवला, एकदा मिठाचा खडा ठेवला. महिन्याभरात तो विहिरीच्या अलीकडे आला. मी दारात उभी राहिले तरी त्याला काही वाटेनासं झालं. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी गावी गेले नाही. शाळेच्या कामाचं कारण कळवलं. खरं कारण हत्ती होतं.

हे आमच्या दोघींतच होतं. तरी बाबलला संशय आला असावा. एकदा तो सुपारीच्या झावळ्या ओढत परसातून चालला होता, तो थांबला. जमिनीवरचे ठसे बघितले, मग माझ्याकडे.

“बाई, ह्यो घराकडे येवक लागलो.”

“कुणाला काही करत नाही हो तो. गरीब आहे.”

“देव देवळात बरो,” बाबल म्हणाला. “परसात इलो की तो जनावर.”

मी हसले. शिकलेल्या माणसाने अडाण्याच्या बोलण्यावर हसावं तशी. मला वाटलं, याला भट्टीची काळजी आहे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वनरक्षक राऊळ आले. चांगला माणूस, त्याच तालुक्यातला. माझ्या ओट्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, “बाई, खालच्या वाडीत आप्पाने एका घराची मागची भिंत पाडली. आत फणस पिकायला ठेवले होते. आधी असा नव्हता तो. कुणीतरी त्याला खायला घालतंय. घराला फणसाचा वास आला की आपल्यासाठीच आहे, असं त्याला वाटायला लागलंय. तुम्हाला काही कळलं तर मला सांगा. तुमचं लोक ऐकतात.”

“मला नाही बाई कुणी दिसलं,” मी म्हणाले.

ते गेल्यावर मी शेवंतीला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. “मगे आता बंद करूया, बाई.”

“करू. हळूहळू करू.”

चार दिवस आम्ही काही ठेवलं नाही. आप्पा दोनदा आला. विहिरीपाशी उभा राहिला, सोंडेने माती हुंगली, माझ्या दाराकडे बघत राहिला आणि गेला. दुसऱ्यांदा जाताना त्याने कपडे वाळत घालायचा वासा मोडला. मला त्याची दया आली. वाशाकडे मी लक्ष दिलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी दुकानातल्या फोनवर ताईचा निरोप आला. माझी थोरली बहीण, तिचे यजमान आणि दोन मुलं दुसऱ्या दिवशी गाडीने येणार होती. मीच पत्रातून त्यांना लिहिलं होतं की या, तुम्हाला माझ्या अंगणात हत्ती दाखवते. त्या घरात माझ्याविषयी नेहमी एक कीव असायची. एकटी, लांब, जंगलात. या वेळी माझ्याकडे दाखवायला काहीतरी होतं.

विहिरीवर शेवंती भेटली. मी म्हणाले, “आज दोन फणस आण. चांगले पिकलेले, बरके. आज चव लागली की उद्या नक्की येईल.”

“आपण बंद केलेला मां?”

“एकदाच. मुलं एवढ्या लांबून यायचीत.”

ती कळशी भरत राहिली. मग म्हणाली, “फाल्यां सकाळी हाडलंय तर चलात? आज भट्टी लागलीसा. सांजचे माका थंय जावक होया. हे एकटेच आसत.”

“उद्या आणून काय उपयोग? आज खाल्लं तर तो उद्या येणार. अगं, पाच मिनिटांचं काम. ठेवून जा आणि मग जा भट्टीवर.”

“आज नको बाई,” ती परत म्हणाली. अगदी हळू.

“माझ्यासाठी एवढंही नाही करणार?”

हे मी म्हणाले. कोणत्या सुरात म्हणाले तेही आठवतं. ती कळशी कमरेला घेऊन उठली आणि म्हणाली, “हाडतंय.”

संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी मागच्या दारात उभी होते. तिच्या घराकडून येणारी वाट सुपारीच्या बागेतून येते. माझ्या परसाच्या कोपऱ्यावर ती फुटते, एक फाटा माझ्याकडे आणि एक ओढ्याकडे, भट्टीवर. झाडांमधून मला तिचं जांभळं लुगडं दिसलं. डोक्यावर हारा होता, त्यात फणस. मी हात केला. तिचा एक हात हाऱ्याला होता, तिने दुसरा वर केला.

तेवढ्यात डावीकडची बाग हलली. तो आवाज न करता आला होता. कधीपासून तिथे उभा होता कोण जाणे. पाच दिवस उपाशी ठेवलेल्या सवयीने तो थेट वासाकडे गेला. शेवंतीने हारा टाकून द्यायला हवा होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला. हत्तीने सोंड पुढे केली, ती मागे सरली आणि ओरडली. त्या ओरडण्याने तो बिथरला.

पुढचं मी सांगणार नाही. मी सगळं बघितलं, एवढं सांगते. आणि हेही सांगते की मी धावले नाही. मी दाराची वरची फळी ओढून घेतली, कडी लावली आणि दाराला पाठ लावून खाली बसले.

बाबल ओढ्यावरून डबा वाजवत धावत आला. तो ओरडत होता, “शेवंती, शेवंती.” त्याच्या आवाजाने हत्ती निघून गेला. मग गाव जमलं. मग मी दार उघडलं आणि त्या गर्दीत मिसळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊळ आणि त्यांचे साहेब पंचनाम्याला आले. बाबलच्या अंगणात सगळे बसले होते. सुचिता खांबाला टेकून उभी होती. राऊळ माझ्याकडे कागद घेऊन आले. “बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. जबाब तुम्हीच लिहा.”

मी मांडीवर पाटी घेतली, तिच्यावर कागद ठेवला आणि लिहू लागले.

साहेबांनी सगळ्यांना विचारलं, “हत्तीला इथे कुणी खायला घालायचं का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, शिक्षिका म्हणून. मी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, ‘नाही.’

“मग हा दिवसाउजेडी घरांपर्यंत आला कसा?”

तेव्हा बाबल उठला. रात्रभर तो एका जागी बसून होता. त्याच्या शर्टाला बोंडांच्या रसाचे डाग तसेच होते.

“साहेब, भट्टी माझी,” तो म्हणाला. “वासान तो इलो. आंबलेल्या बोंडांचो वास हत्तीक लांबसून येता.”

“बाबल, तू शांत बस,” राऊळ म्हणाले. परवाना नसलेल्या भट्टीची कबुली तो साहेबांसमोर देत होता, हे त्यांना टाळायचं होतं.

“माका बोलांदे. सकाळी जाताना मीच तिका सांगलेलंय, सांजे माका कायतरी खावक हाड म्हणान. ती माका फणस घेवन येत होती. लिवा, बाई.”

लिवा, बाई. माझा हात कागदावर होता. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. ती तुमच्याकडे येत नव्हती, माझ्याकडे येत होती. तोंड उघडायचं आणि बोलायचं. सगळ्या गावाने माझ्याकडे बघितलं असतं, नोकरीवर काही आलं असतं किंवा नसतं आलं, संध्याकाळी ताई आली असती तर तिला कळलं असतं.

मी लिहिलं, ‘मयत ही भट्टीवर असलेल्या पतीसाठी फणस घेऊन जात असता.’ अक्षर नीट आलं. बाबलने सही केली.

सुचिता तेव्हा पहिल्यांदा बोलली. वडिलांकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तुमका शंभरदा सांगलेला, भट्टी नको. आई तुमच्या दारवेसाठी गेली.”

बाबलने मान खाली घातली. माझ्या मांडीवरचा कागद अजून ओला होता.

ताई आली नाहीच. धाकट्याला ताप आला म्हणून बेत रद्द झाल्याचा निरोप दुकानात शेवंती गेली त्याच दुपारी आला होता. तो मला तीन दिवसांनी मिळाला.

ढोल आणि फटाके वाजवत माणसांनी आप्पाला घाटाच्या वरच्या अंगाला हाकललं. तो परत आला नाही. बाबलने भट्टीची मडकी स्वतःच फोडली. दिवसकार्य झाल्यावर सुचिता डिचोलीला मावशीकडे गेली. तिथेच नोकरी लागली, तिथेच लग्न झालं. लग्नाला वडिलांना बोलावलं नाही. मी त्याच वर्षी बदलीचा अर्ज केला. बदली व्हायला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं मी बाबलच्या शेजारी राहिले. सणाला त्याला ताट नेऊन द्यायचे. तो म्हणायचा, “बाई, तुमचे उपकार.”

त्यानंतर चौदा वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर ताईबरोबर आम्ही कर्नाटकातल्या एका देवळात गेलो होतो. दारात हत्ती होता. ताईच्या धाकट्याने, आता तो कमावता झाला आहे, केळ्यांचा घड घेतला आणि एक केळं माझ्या हातात दिलं. “मावशी, दे ना. तुला हत्ती आवडतो.”

मला हात पुढे करता येईना. ताई हसत म्हणाली, “अरे, हिच्या अंगणात यायचा हत्ती. आपलं बघायचं राहिलंच ते. तुझ्या तापामुळे.”

त्या आठवड्यात मी दोडामार्गची एसटी धरली.

बाबल ओसरीवर सुपारी सोलत बसला होता. केस पूर्ण पांढरे, हात तसेच चपळ. मला ओळखायला त्याला एक क्षण लागला. मग उठून त्याने स्वतः चहा केला. कोरा, गूळ घातलेला. मी तो हातात धरून सगळं सांगितलं. पहिल्या फणसापासून. विहिरीवरचं बोलणंही जसंच्या तसं सांगितलं. ती दोनदा नको म्हणाली होती, हेही.

तो सोलत राहिला. माझं संपलं तेव्हा त्याने कोयती खाली ठेवली.

“सुचिताक सांगा,” तो म्हणाला. आतून एक वही आणली आणि पानावर लिहिलेला आकडा दाखवला. “ह्यो तिचो नंबर. मी कधी लावक नाय.”

मी अंगणात जाऊन फोन लावला. नाव सांगितल्यावर तिने “नमस्कार, बाई” असं म्हटलं, पूर्वीच्याच आवाजात. मग मी बोलले आणि ती ऐकत राहिली. मागे कुकरची शिट्टी झाली. शेवटी तिने एवढंच विचारलं, “बाई, जबाब लिहिताना तुम्हाला हे माहीत होतं?”

“हो.”

फोन बंद झाला. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. तो तिचा हक्क आहे. पण त्या वर्षी चतुर्थीला ती नवरा आणि मुलांना घेऊन वाघखोलला आली आणि पाच दिवस राहिली, हे मला राऊळांनी कळवलं. तेही आता निवृत्त झाले आहेत. आता दर वर्षी ती येते.

हे पुढचं झालं. त्या दुपारी मी अंगणातून परत ओसरीवर आले, तेव्हा बाबल भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता.

“तिला सांगितलं,” मी म्हणाले. “मला माफ करा असं म्हणायचं तोंड मला नाही.”

त्याने समोरची सालं हाताने गोळा केली. वाडीत कुणाचं तरी वासरू हंबरत होतं.

“माझ्यामुळे ती गेली, असा वाटी,” तो म्हणाला. “ता वझा होताच. पण त्येच्या सोबतीक आणखी एक होता. भट्टीवर मी दिसभर उपाशी होतंय. मनात येय, काय झाला तरी ती माकाच घेवन येत होती. माझ्या भुकेची तिका आठवण होती. इतकी वर्षां ह्येच्यावर काढलंय, बाई.”

मी फोन पिशवीत ठेवला.

“म्हणजे ती माझ्याकडे येत नव्हती,” तो म्हणाला.

मला खोटं बोलता आलं असतं. ठेवून मग तुमच्याकडेच येणार होती, असं म्हणता आलं असतं, आणि ते पुरतं खोटंही नव्हतं. पण एकदा या माणसासमोर मी सोयीचं वाक्य लिहिलं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “माझ्याकडे येत होती.”

त्याने मान हलवली, कोयती उचलली आणि पुढची सुपारी हातात घेतली.